जुनी असतील तर उत्तम

मंजिरी: वास घे म्हणतायत ना भाऊजी, मग घे की. तोंड काय एरंडेल प्यायल्यासारखं करतोस?

चारुदत्त: घेतोय गं. सफरचंदाचा येतोय.

मंजिरी: सफरचंदाचाच येणार. मी समोर कापून ठेवलंय.

रमेश: वहिनी, प्लीज. नोजिंग चाललंय. चारू, डोळे मीट. ग्लास नाकाखाली ने, पण नाक आत बुडवायचं नाही. तोंड किंचित उघडं ठेव. हं. आता सांग काय काय येतंय. मध? ओलं गवत? जुनं चामडं?

मंजिरी: जुनं चामडं! बाहेरच्या चपला आणू का?

चारुदत्त: रमेश, मला खरंच नुसतं गोड गोड येतंय. कोपऱ्यावरच्या बकाला दुकानातलं सरबत आहे, त्याचंच.

(सौदी अरेबियातलं अल-खोबर, शुक्रवारची दुपार. नमाज होईपर्यंत दुकानं बंद, रस्ते ओस आणि नवरे घरात. मंजिरीच्या मते आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ. टेबलावर तिचे ठेवणीतले सहा ग्लास, त्यांत बिनदारूचं माल्टचं पेय. समोर नवरा, आणि त्याच्या शेजारी खालच्या मजल्यावरचे रमेशभाऊजी, जे दर गुरुवारी पूल ओलांडून, दारू मिळते त्या बहारीनला जातात आणि शुक्रवारी विद्वान होऊन परततात.)

मंजिरी: शोभतं का रे तुम्हाला? पन्नाशीला आलेले दोन इंजिनियर, आणि भर दुपारी सरबत हुंगत बसलेत. नूपुर मगाशी येऊन विचारून गेली, 'मम्मा, इज बाबा ओके?' काय सांगू पोरीला?

रमेश: सांगा, बाबा अभ्यास करतायत. सोमवारी दुसरा इंटरव्ह्यू आहे. आयरिश डिस्टिलरीचा. खायचं काम नाही ते.

मंजिरी: प्यायचं आहे, ते कळलंय मला. पण ज्याने जन्मात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नाही, त्याच्या बायोडेटात 'सिंगल माल्टचा जाणकार' हे कुणी घातलं?

रमेश: मी. एकच लाइन आहे हो.

मंजिरी: बुडवायला एकच पुरते, भाऊजी.

चारुदत्त: अगं, नुसत्या कंट्रोल सिस्टिमवर कोण बोलावतं? हजार जणांनी अर्ज केले असतील. काहीतरी वेगळं दिसायला नको?

मंजिरी: वेगळं दिसतंयच. आणि हे माल्ट माल्ट म्हणजे आहे तरी काय नेमकं?

रमेश: आता कसं विचारलंत! सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टेड बार्लीची केलेली. बार्ली म्हणजे आपले सातू. ते भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे...

मंजिरी: थांबा थांबा. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. हे तर नाचणीचं सत्त्व झालं! नूपुर सहा महिन्यांची होती तेव्हा मी घरी करत होते. मला नाही कुणी जाणकार म्हटलं.

रमेश: पुढे आंबवतात, वहिनी. मग तांब्याच्या भांड्यात तीनदा डिस्टिल करतात. आयरिश लोक बहुतेक तीनदाच करतात, म्हणून ती जिभेवर अशी मऊ येते. मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं. अहो, कालचीच गोष्ट. पहिला घोट, व्हॅनिला. दुसऱ्याला पेअर, मागून हलकी दालचिनी. आणि फिनिश! घोट गेला तरी फिनिश जात नाही.

मंजिरी: काल तर तुम्ही काकूंना भेटायला गेला होतात ना? फोनवर तसंच सांगितलंत.

रमेश: हो. म्हणजे... तेच ते.

मंजिरी: अख्ख्या खोबरला ठाऊक आहे तुमच्या काकू कोण ते. दर गुरुवारी भेटायला जाता, सख्ख्या आईला महिन्यातून एक फोन नाही.

चारुदत्त: फोनवर बाटलीचं नाव घ्यायचं नसतं गं. कोण ऐकत असेल, काय सांगावं.

मंजिरी: चोराच्या मनात चांदणं. आणि तू तर चोरीसुद्धा केली नाहीस, तुझ्या नशिबी नुसतंच चांदणं!

रमेश: जाऊ दे. चारू, टेक्निकल घेऊ. मी तिथला मास्टर डिस्टिलर, मिस्टर कीटिंग. सांग, आमच्याकडे येऊन तू काय बदलशील?

चारुदत्त: सर, सध्या तिसऱ्या वेळची धार सुरू झाली की तुमचा माणूस एका काचेच्या पेटीसमोर उभा राहतो. पहिली धार उग्र, ती बाजूला काढायची. मधली खरी, ती ठेवायची. शेवटची जड, ती परत भांड्यात.

मंजिरी: पहिली बाजूला? आमच्या नाशिककडे तर लोक पहिल्या धारेचीच मागतात म्हणे.

रमेश: म्हणून तर ते लोक आंधळे होतात, वहिनी. चारू, चालू ठेव.

चारुदत्त: धार कुठे तोडायची, म्हणजे कट कुठे घ्यायचा, ते हा माणूस वासावरून ठरवतो आणि हाताने नळाची मूठ फिरवतो. मी तिथे डेन्सिटी मीटर बसवीन, टेंपरेचर प्रोब बसवीन, ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बसवीन. अबकैकच्या तेलाच्या प्लँटमध्ये मी एवढे मोठे कॉलम चालवतो. तापवायचं, वाफ करायची, थंड करायची. तेल काय आणि हे काय, दोन्हींत तत्त्व तेच. स्क्रीनवर एक माणूस सगळं बघेल. दर वेळी तोच कट, तसूभर फरक नाही.

रमेश: फर्स्ट क्लास!

मंजिरी: आणि तो माणूस?

चारुदत्त: कुठला?

मंजिरी: काचेच्या पेटीसमोरचा.

चारुदत्त: तो कीटिंगच. तो रिटायर होतोय आता. त्याच्या हाताखालचे दोघं जातील पॅकिंगला वगैरे. ते मॅनेजमेंट बघेल.

मंजिरी: तू दाखवली होतीस ना त्यांची वेबसाइट? त्यावर तांब्याची भांडी, पांढऱ्या मिशीचा म्हातारा, आणि मोठ्ठ्या अक्षरात 'हाताने घडवलेली'. हात गेल्यावर काय लिहिणार?

चारुदत्त: लेबल बदलणार नाहीत म्हणे. फोटोही राहणार आहे.

मंजिरी: वा! म्हातारा घरी आणि मिशी बाटलीवर! धन्य आहे. आणि तू त्या म्हाताऱ्याचा फहाद.

चारुदत्त: फहाद आणि मी? काहीतरीच बोलू नकोस हं. फहादला मी बोट धरून शिकवलंय. अजून अलार्म वाजला की आधी माझ्या तोंडाकडे बघतो. सौदी माणसांचा आकडा भरायचाय म्हणून त्याला माझी खुर्ची, आणि मला जानेवारीत फायनल एक्झिट, म्हणजे व्हिसा संपला, देश सोडा. खलास. मी तिकडे जाणार तो माझ्या कामाच्या जोरावर.

मंजिरी: फहादची आईसुद्धा शेजारणीला असंच सांगत असेल.

चारुदत्त: तुला कौतुकच नाही कशाचं. इथून थेट गाशा गुंडाळून नाशिकला जायचं का? या वयात मला तिथे कोण उभं करणार आहे? ही एक नोकरी हातात आहे, मंजिरी. एकच... थांब, मेसेज आला. कुरियरचा आहे.

मंजिरी: काय म्हणतोय?

चारुदत्त: 'आयर्लंडहून तुमच्या नावे पार्सल. कस्टम्ससाठी इकामा (निवास परवाना) नंबर कळवावा. वर्णन: सहा सॅम्पल, द्रव, काच.' द्रव?

रमेश: काच?

मंजिरी: काय मागवलंस तू?

चारुदत्त: मी काही नाही मागवलं! सॅम्पलं तेवढी मागितली होती, पहिल्या इंटरव्ह्यूत. पण ती सॅम्पलं म्हणजे... अरे बाप रे.

मंजिरी: बस. पाणी पी. आता काय बोललास ते शब्दन् शब्द सांग.

चारुदत्त: ती मॅनेजर आहे ना, मिस फॅलन. तिने विचारलं, आमच्या व्हि... आमच्या त्याची ओळख आहे का. मी म्हटलं, तुमच्या प्रॉडक्टबद्दल मला फार आदर आहे.

मंजिरी: प्रॉडक्ट?

चारुदत्त: मग इथे बसून तो शब्द कसा उच्चारणार? पूर्ण वेळ मी प्रॉडक्ट प्रॉडक्टच म्हणत होतो. शेवटी तिलाही तेच वळण लागलं. मग ती म्हणाली, प्रॉडक्टची काही सॅम्पल पाठवू का? आता आमच्या प्लँटमध्ये सॅम्पल म्हणजे लॅबचे आकडे. सकाळचं सॅम्पल आलं का, म्हणजे शीट आली का. बाटलीला तिथे कोण विचारतं? मी म्हटलं, जरूर पाठवा, जितकी असतील तितकी.

मंजिरी: एवढंच ना?

चारुदत्त: वेगवेगळ्या वर्षांची पाठवा, असंही म्हटलं.

रमेश: अरे देवा!

चारुदत्त: ट्रेंड काढायला लागतात रे! आणि... जुनी असतील तर उत्तम, असं म्हटलं.

रमेश: जुनी! चारू, अरे तिने एकवीस वर्षांचीसुद्धा टाकली असेल त्यात!

चारुदत्त: ती म्हणाली, तुमचा उत्साह बघून फार बरं वाटलं.

मंजिरी: वाटणारच. अजून काही तारे तोडलेस?

चारुदत्त: म्हटलं, माझ्या सौदी सहकाऱ्यालाही दाखवीन. त्यालाही शिकायला मिळेल.

मंजिरी: हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! अरे, लोक पिऊन अडकतात, तू न पिता अडकलास. कस्टम्सवाला पेटी उघडणार, आत सहा बाटल्या, वर तुझं नाव, तुझा पत्ता, तुझा मोबाइल. जानेवारीची वाट कोण बघतोय मग! आणि नूपुरला काय सांगू, बाबा आत आहेत कारण त्यांना सॅम्पलचा अर्थ कळला नाही?

रमेश: वहिनी, शांत व्हा. पार्सल कुठवर आलंय ते तर बघू.

चारुदत्त: डब्लिनलाच दाखवतंय. कालच उचललंय. नंबर मिळाला की पुढे निघेल म्हणे.

मंजिरी: मग लाव फोन. आज तिकडे ऑफिस चालू आहे. म्हणावं परत बोलवा, आत्ताच्या आत्ता.

चारुदत्त: नंबर नाही दिला तर आपोआप पडून राहील ना.

मंजिरी: आणि कुणी शहाण्याने तसंच पुढे ढकललं तर? फोन लाव.

चारुदत्त: काय सांगू तिला? फोनवर? कारण विचारणार ती. एकदा कारण सांगायला लागलो की सगळंच बाहेर येईल. जाणकार म्हणून घुसलोय मी तिथे. सोमवारी बोलावणारसुद्धा नाहीत.

रमेश: एक आयडिया आहे. रागावू नका हं वहिनी. पार्सल फहादच्या नावावर वळवायचं. इथलाच माणूस, त्याचं कोण उघडून बघतंय? त्याला सांगायचं, लॅबची सॅम्पलं आहेत, जरा घेऊन ठेव. खोटं तरी कुठे आहे त्यात?

मंजिरी: भाऊजी!

रमेश: अहो, गंमत केली.

मंजिरी: गंमत नव्हती ती. तोंडाला पाणी सुटलंय तुमच्या. एकवीस वर्षं ऐकल्यापासून बघतेय मी. आणि चारू, तू गप्प का?

चारुदत्त: कुठे काय.

मंजिरी: विचार करत होतास.

चारुदत्त: नाही गं.

मंजिरी: करत होतास. तोंड बघितलंय मी तुझं, लग्नाला वीस वर्षं झाली. अरे, तो पोरगा तुला उस्ताद म्हणतो! मागच्या ईदला त्याच्या आईने एवढा थोरला खजुरांचा डबा पाठवला, 'माझ्या मुलाच्या गुरूच्या घरी' म्हणून. त्याने तुझी खुर्ची मागितली नव्हती. त्याला सांगितलं बस, तो बसला. आणि तू त्याच्या गळ्यात बाटल्या बांधायच्या विचारात? लाज वाटते मला. खरंच वाटते.

चारुदत्त: क्षणभर आलं डोक्यात. नुसतं आलं. नाही करणार मी तसं.

मंजिरी: मग?

चारुदत्त: दे तो फोन इकडे.

मंजिरी: आणि प्रॉडक्ट म्हणायचं नाही. नाव घ्यायचं.

रमेश: खिडकी तरी लावून घ्या कुणीतरी.

चारुदत्त: हॅलो, मिस फॅलन? मी चारुदत्त. खोबरहून. हो, सौदी अरेबिया. तुमच्या पार्सलबद्दल बोलायचं होतं. ते प्लीज परत बोलवा... नाही, पत्ता बरोबर आहे, तोच तर घोटाळा आहे. त्यात तुमचं प्रॉडक्ट...

मंजिरी: चारू!

चारुदत्त: त्यात व्हिस्की आहे. हो. व्हिस्की. इथे चालत नाही ती... नाही, लहान बाटलीसुद्धा नाही... नाही, भेट म्हणूनसुद्धा नाही.

रमेश: विचार ना, किती वर्षांची होती.

मंजिरी: भाऊजी, सफरचंदाची सुरी अजून माझ्याच हातात आहे.

चारुदत्त: हो, मीच म्हटलं होतं जुनी पाठवा. मला वाटलं आकडे. लॅबचे आकडे... हो, माझीच चूक. आणि आणखी एक, मिस फॅलन. बायोडेटात लिहिलंय ते खरं नाही. मी व्हिस्की कधी चाखलेली नाही. थेंबसुद्धा नाही. वास कसा येतो तेही मला ठाऊक नाही... काय म्हणालात? परत सांगाल?... ओके... ओके. पण मिस्टर कीटिंग? मला वाटलं होतं, त्यांच्याबरोबर थोडे दिवस... अच्छा... अच्छा. समजलं. थँक यू.

मंजिरी: काय म्हणाली?

चारुदत्त: कुरियरला आत्ताच सांगते म्हणाली. पेटी परत जाईल.

मंजिरी: सुटलो बाई. जाऊ दे नोकरी. मिळेल दुसरी. खरं बोललास ते एक बरं केलंस. आता तोंड धू, मी चहा टाकते.

चारुदत्त: नोकरी मिळाली.

मंजिरी: काय?

चारुदत्त: सोमवारच्या इंटरव्ह्यूची गरज नाही म्हणाली. पक्कं झालं. पत्र पाठवतेय.

रमेश: काय सांगतोस! बघा वहिनी, बघा! एका थेंबाशिवाय डिस्टिलरीत नोकरी! माझी लाइन कामाला आली की नाही?

मंजिरी: तुमची लाइन खोटी आहे हे कळल्यावर मिळालीय. जरा ऐका तो काय सांगतोय ते.

चारुदत्त: मी म्हटलं ना, कधी चाखली नाही म्हणून. त्यावर ती हसायलाच लागली. म्हणाली, फारच छान, तुमच्या त्या 'जाणकार'चीच धास्ती होती. याआधी दोन इंजिनियर येऊन गेले, दोघेही शौकीन. आले, कीटिंगबरोबर गप्पा मारत बसले, त्याच्या हातची चाखली, आणि रिपोर्ट काय दिला, तर ती मूठ हातानेच फिरवू द्या. आम्हाला चव कळणारा नकोच आहे, म्हणाली. मत नसलेला माणूस हवाय.

रमेश: घ्या! म्हणजे तुझा अडाणीपणा हीच क्वालिफिकेशन निघाली! पार्टी पाहिजे. येत्या गुरुवारी बहारीनला नेतो तुला, चारू. आता तरी काकूंना भेट.

मंजिरी: भाऊजी, तुम्ही आता घरी जा. आणि ते सरबतही घेऊन जा.

रमेश: अहो, आनंदाच्या वेळी कसलं...

मंजिरी: ग्लास माझे आहेत, ते ठेवा. दार नीट ओढून घ्या.

चारुदत्त: कशाला त्याच्यावर ओरडतेस?

मंजिरी: त्याच्यावर नाही ओरडत. तुला हवं ते झालं ना? मग तोंड का असं पडलंय?

चारुदत्त: मी म्हटलं, कीटिंगच्या हाताखाली थोडे दिवस उभा राहतो. त्याला कसं कळतं ते बघून घेतो, मग मीटर बसवायला सोपं जाईल. तर म्हणाली, त्याची गरज नाही. त्याने घेतलेल्या सगळ्या कटचे आकडे आम्ही न सांगता नोंदवून ठेवलेत. शीट मेल करते.

मंजिरी: न सांगता?

चारुदत्त: हं. आकड्यांची सॅम्पलं आता येतीलच.

मंजिरी: आणि म्हातारा?

चारुदत्त: इथून सुटलो की एका सोमवारी मी जॉइन व्हायचं. त्याचा शेवटचा दिवस आदल्या शुक्रवारी.

मंजिरी: म्हणजे तुम्ही दोघं भेटणारसुद्धा नाही?

चारुदत्त: मुद्दाम तसं ठेवलंय म्हणाली. भेटले की गप्पा मारतात.

मंजिरी: बरं.

चारुदत्त: बरं काय? मगासपासून तोंडाचा पट्टा चालू होता, आता बोल की काहीतरी.

मंजिरी: काय बोलू? जायला तर लागणारच आहे. नूपुरला सांगते मी.

चारुदत्त: मंजिरी.

मंजिरी: फहाद निदान तीन वर्षं तुझ्याशेजारी बसला, रे.